मोकळं कपाळ

कुसुमनं फाटक लोटलं, चपला बाहेरच काढल्या आणि ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहून हाक दिली.

"बाई, घरी हाय का तुमी?"

अलकाबाई दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. या बाईला त्यांनी सात वर्षांत दोन-चारदाच पाहिलं होतं, तेही कोर्टाच्या आवारात, दुरून. रोशनची आई. ज्याला अलकाबाईंनी बोट दाखवून जन्मठेपेवर पाठवलं, त्या रोशनची. कालच समन्स आलं होतं. जबलपूरच्या हायकोर्टानं त्यांची साक्ष इथल्या कोर्टात पुन्हा नोंदवायला सांगितली होती. म्हणजे ही आता पायांवर लोळण घेणार, नाहीतर तळतळाट देणार, असं धरून चालून त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

कुसुमनं दोन्हीतलं काही केलं नाही. कापूस वेचून वेचून चिरलेली बोटं तिनं एकमेकांत गुंतवली आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत बोलली.

"वकीलबाईनं बजावलं होतं, साक्षीदाराच्या घरी पाय ठिवायचा नाई म्हून. तरी आली. मांगाले काई नाई आली. एक गोष्ट सांगतो अन् जातो."

"सांग."

"ओळख परेडीच्या दिवशी माह्या पोरासंगं पाच जन उभे केले होते. ते पाचही जामसांवलीहून येऊन राह्यले होते. शनिवार होता न. दर्शन करून येनाऱ्या जीपातून उतरवलं त्याइले. मी एकेकाच्या घरी जाऊन आली, बाई. पाचहीच्या कपाळावर मारुतीचा शेंदूर होता. माह्या पोराच्या नव्हता. आमी बुद्धाचे लोक, आमी नाई लावत."

"मग?"

"मंग काई नाई. तुमी काय पाह्यलं, ते तुमालेच ठाऊक."

एवढं बोलून ती वळली. जाताना फाटकाची कडी नीट लावली, गुरं आत शिरू नयेत म्हणून. जन्मठेपेच्या कैद्याची आई ज्या घरानं तिचं पोर नेलं त्या घराच्या फाटकाची कडी लावते, याला काय म्हणावं? अलकाबाईंना तर ती शिव्या देऊन गेली असती तर बरं वाटलं असतं.

शिव्यांना उत्तर देता येतं हो. याला काय देणार?

त्या रात्री घरात शिरलेल्या माणसानं नाकातोंडावर गमछा बांधला होता. गजाननराव जागे झाले, त्याच्यावर धावून गेले आणि डोक्यात सळई बसून कोसळले. संत्र्याचे मोठे व्यापारी, सगळ्या पांढुर्ण्यात शब्दाला वजन असलेला माणूस, पण नागपूरच्या दवाखान्यातून परत आला तो पांढऱ्या कापडात. अलकाबाईंच्या हातातल्या बॅटरीचा उजेड चोरावर पडला तो क्षणभर, आणि दिसली ती गमछ्याच्या वरची पट्टी. डोळे कसे होते, ते पोलिसांनी दहा वेळा विचारलं तरी सांगता आलं नाही. कपाळ मोकळं होतं, एवढं मात्र त्या प्रत्येक वेळी सांगत राहिल्या.

मग पोलिसांनी रेल्वेलाइनच्या पलीकडच्या वस्तीतून रोशनला उचललं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत झालेल्या धक्काबुक्कीत त्याचं नाव एकदा लिहिलं गेलं होतं, तेवढं पुरलं. ना दागिना सापडला, ना सळई. सापडली ती अलकाबाईंची ओळख. मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाई खोटं कशाला बोलतील, असं सगळं गाव म्हणालं, आणि ते काही चूक नव्हतं. त्या कधीच खोटं बोलल्या नव्हत्या.

ती रांग त्यांना आठवत होती. सहा माणसं, भिंतीला पाठ लावून. त्यांची नजर पाच जणांवरून घसरत गेली आणि सहाव्यावर थांबली, तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं होतं. हाच, असं आतून कोणीतरी म्हणालं. इतकं स्पष्ट म्हणालं की दुसऱ्यांदा पाहायची गरजच वाटली नाही. नंतर त्याचं आडनाव कळलं, वस्ती कळली, आणि उरलीसुरली शंकाही गेली. त्या पाच जणांच्या कपाळावर काय होतं, हे ना त्यांना दिसलं, ना परेड घेणाऱ्या साहेबांना. इकडे शनिवारी कोणाच्या कपाळावर शेंदूर आहे, हे कोण बघतं! जेवणात मीठ आहे म्हणून कोणी बोलतं का?

संध्याकाळी मुलगा दुकान बंद करून आला तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं. अभिजीतनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"आई, तू हे काय करून राहिली? ती बाई येते, काहीबाही सांगते, अन् तू ऐकून घेते?"

"काहीबाही नाही रे. शनिवारच होता."

"असेल. पण तू आता उभी राहून नाही म्हटलं, तर बाबांचा खुनी सुटला समज. दुसरा कोणी सापडणार आहे का आता? अन् गाव काय म्हणेल? गजाननरावांची बायको खोटी साक्ष देते. तुझ्यावरच केस झाली तर?"

"आणि तो नसलाच तर?"

"तूच म्हटलं होतं न, तो आहे म्हणून?"

पोराचंही काय चुकलं? बापाच्या मरणाला निदान एक शेवट होता, तोही आई काढून घ्यायला निघाली होती.

शनिवारी त्या कोणालाही न सांगता जामसांवलीला गेल्या. देवळात गेल्याच नाहीत. बाहेर नारळवाल्याच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं पाहत राहिल्या. माणसं आत जाताना वेगवेगळी दिसत, बाहेर येताना सगळी एका घरची. दुपारी परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. समोर, बाजूला, मागे, बायकापोरांसकट सगळ्यांच्या कपाळांवर शेंदूर. अलकाबाईंनी मनाशी परीक्षा घेतली. डोळे मिटले आणि समोरच्या माणसाचा चेहरा आठवून पाहिला. टिळा आठवला. नाक आठवेना.

सौंसरच्या स्टँडवर एक पोरगा चढला. विशीबाविशीचा, कॉलेजची बॅग पाठीवर, कपाळ मोकळं. जागा नव्हती म्हणून त्यांच्या सीटच्या दांड्याला धरून उभा राहिला. आणि अलकाबाईंचा हात आपोआप गळ्यातल्या साखळीवर गेला.

हात तिथं गेलाय हे त्यांना कळलं तेव्हा बस सुटली होती. त्यांनी तो खाली घेतला नाही. घेताच आला नाही. पोरानं बॅग पुढे ओढली, मोबाइल काढला आणि कोणाशी तरी पेपर कसा गेला ते बोलू लागला. अलकाबाईंनी काचेत पाहिलं. गजाननराव गेल्यापासून त्यांनी टिकली लावली नव्हती. त्या आख्ख्या गाडीत मोकळ्या कपाळाची दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक दुसऱ्याला भिऊन बसलं होतं. अगं बाई गं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग तेही आठवलं, जे इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. रात्री तोंड धुऊन निजल्यावर गजाननरावांचं कपाळही मोकळंच असायचं. रात्री दोन वाजता कोणाचं नसतं?

त्यांना रडू आलं. शेजारच्या बाईनं प्रसादातला नारळाचा तुकडा पुढे केला, तोही त्यांना धड घेता आला नाही.

तारखेच्या दिवशी अभिजीत सोबत आला नाही. अलकाबाई ऑटोनं एकट्याच कोर्टात गेल्या. कठड्यात रोशन उभा होता, दोन्ही बाजूंना पोलीस. त्यांनी तिकडं मान वळवली नाही, न्यायाधीशांकडेच पाहत राहिल्या. रोशनच्या वकील सुचिताताईंनी सरळ प्रश्न केला.

"त्या रात्री तुम्ही चोराचा चेहरा पाहिला होता?"

"नाही. गमछा होता. कपाळ तेवढं पाहिलं."

"मग परेडमध्ये कसं ओळखलं?"

"ओळखलं नाही. बाकी पाच जणांना शेंदूर लागलेला होता. हा एकटा मोकळ्या कपाळाचा होता. मी कपाळ शोधत होते, ते सापडलं."

सरकारी वकील उठले. त्यांचा आवाज चढला होता.

"सात वर्षांपूर्वी याच कोर्टात शपथ घेऊन तुम्ही याच्याकडे बोट दाखवलं. तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

अलकाबाईंनी कठड्याची कड घट्ट धरली. मागच्या बाकांवर ओळखीची माणसं होती, गजाननरावांच्या पंगतीला जेवलेली.

"तेव्हा मला खरं वाटत होतं. दुसऱ्या वस्तीतला पोरगा होता म्हणून ते पटकन खरं वाटलं. आपल्यातला असता तर मी दहादा पाहिलं असतं." मग त्या थांबल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या, वर्गात शुद्धलेखन घालताना बोलत तशा. "हा तो माणूस आहे, असं मी सांगू शकत नाही. कधीच सांगू शकत नव्हते."

लेखनिकाची बोटं टंकत राहिली. न्यायाधीशांनी ते वाक्य पुन्हा वाचून घेतलं आणि त्यांना सही करायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात कुसुम उभी होती. हे सगळं आता जबलपूरला जाईल, निकाल तिथून येईल, तोवर पोरगा आतच राहील, हे तिला वकीलबाईंनी समजावून सांगितलं होतं. अलकाबाई तिच्यापुढे गेल्या. हात जोडावेत की पाया पडावं, काही कळेना. तोंडून कसंबसं निघालं.

"कुसुमताई, तुमचं मी..."

"असू द्या, बाई. तुमचाही मानूस गेला." कुसुमनं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. इतक्यात पोलीस रोशनला घेऊन बाहेर आले, गाडी खाली उभी होती. अलकाबाई लगबगीनं जिन्याकडे वळल्या. कुसुमनं त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं, पण रागानं नाही.

"इतक्यात जाऊ नका. भाऊ, एक मिनिट थांबा जी," ती पोलिसाला म्हणाली, आणि पोलीस का कोण जाणे, थांबला. "बाई, माह्या पोराले तुमी दोनदा पाह्यलं अन् दोनदाही नाई पाह्यलं. आता पाहून घ्या."

रोशन मान खाली घालून उभा होता. सात वर्षांत त्याला तशीच सवय लागली होती.

"वर पाह्य रे," कुसुम म्हणाली. "बाईले चेहरा दिसू दे."

त्यानं मान वर केली. अलकाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.