एका कोपऱ्याने कमी झालेली किडनी

टण्ण! ओट्यावरून डब्याचं झाकण घरंगळलं आणि फरशीवर गोल गोल फिरत निजलं. तिकडे कोणी पाहिलंही नाही. यवतमाळहून सोनोग्राफी करून आल्यापासून सगळे माझ्याकडेच पाहत होते. म्हणजे अर्पिताच्या उजव्या कुशीकडे.

मित्रांनो, मी एक जुनी किडनी आहे. जुनी म्हणजे अर्पिताच्याच वयाची, नुकतीच तिशी ओलांडलेली. राळेगावजवळच्या एका गावात, तिच्या बरगड्यांखाली माझं घर. डावीकडे माझी बहीण. आम्ही दोघी रात्रंदिवस रक्त गाळतो. शेतात आडोसा नसतो म्हणून कापूस वेचताना अर्पिता दिवसभर पाणी टाळायची, तेव्हाही आम्ही कुरकुरलो नाही. कौतुक मात्र हृदयाचं. गाणीही त्याच्यावरच.

मग त्या सोनोग्राफीत माझ्या खालच्या टोकाला बोराएवढी गाठ दिसली आणि सगळा संशय माझ्यावर आला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "बहुतेक कॅन्सर आहे. पण लहान आहे, कडेला आहे. गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढू. बाकीची किडनी ठेवू."

परतीच्या एसटीत अर्पिताचे सासरे, किसनराव, उखडले. "अर्धवट काम कायले करून राह्यला हा? कुंदा गवताची एक काशी, एवढीशी मुळी, जमिनीत राह्यली तं सारं वावर पुन्हा कुंद्यानं भरते. मुळापासून काढाले पाह्यजे."

"पुरी काढतो म्हणला असता तं तुम्हीच म्हणले असते, विकाले नेते," अर्पिताचा नवरा कपिल म्हणाला.

"म्हणलोच असतो! पण ठेवतो म्हणते, तेच मले खटकते. घडीघडी तपासाले बोलवाचं, तं काहीतरी ठेवा लागते न."

खरं सांगू? मलाही शंका येत होत्या. बहिणीचीसुद्धा. एकटीचं राज्य येईल म्हणून ही गप्प तर बसली नसेल? आणि त्या कुंद्याने तर माझा माझ्यावरचाच भरवसा उडवला. माझ्यात खरंच एखादी काशी दडली असेल तर?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किसनरावांनी डॉक्टरांना एकटं गाठलं. "साहेब, पुरीच काढा. पोरगी लहान आहे तिची."

अर्पिता कपिलबरोबर दारातच उभी होती. "मामाजी, शंका आहे तं माह्यासमोर विचारा न." मग ती डॉक्टरांकडे वळली. "साहेब, ठेवून तुमचा काय फायदा?"

कपिलने मान खाली घातली. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. "फायदा तुमचा. एवढ्या लहान गाठीत पूर्ण किडनी काढली काय, नुसती गाठ काढली काय, बरं होण्याची आशा साधारण सारखीच. पण उद्या बीपी आलं, शुगर आली, तर ही उरलेली किडनी कामी येईल. ठेवण्यात जोखीमही आहे. रक्त जाऊ शकतं, लघवी झिरपू शकते. आणि गाठ नीट सुटत नाही असं दिसलं, तर पूर्णच काढावी लागेल. ते आज सांगता येत नाही."

"अन् कुंदा?" किसनराव.

"कुंदा जमिनीखाली पसरतो. ही गाठ कांद्यासारखी एका जागी बसलेली दिसते. काढलेल्या भागाची कड तपासू, मग कळेल."

किसनरावांनी टोपी नीट केली. "सांगता येत नाही म्हणते," ते कपिलला म्हणाले, "म्हंजे खोटं तं नाही बोलून राह्यला."

"मंग राहू द्या," अर्पिता म्हणाली. "जमलं तं."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणारं रक्त थोडा वेळ थांबवलं गेलं. मी गार पडू लागले. आता आपण जातो, असं वाटलं. मग पुन्हा ऊब आली. मी एका कोपऱ्याने कमी झाले होते, पण होते! पुढे तपासणीत कडही स्वच्छ निघाली, तिथे गाठीचा अंश नव्हता.

मित्रांनो, शंका जरूर घ्या, पण कुजबुजू नका. ज्याला विचारायची त्याला विचारा. आणि शाळेतून पाण्याची बाटली भरलेली परत आणू नका. आम्ही बोलत नाही, म्हणून आम्हाला विसरू नका.

परवा पहिली फेरतपासणी झाली. घरी येऊन अर्पिताने लेकीला, अंजूला, मांडीवर घेतलं. "काही नाही आहे आता तिथं."

अंजूने कुशीवरच्या व्रणावर हलकेच बोट ठेवलं.

"आई, गाठ आत वाढत होती तवा तुले समजलं नाही. मंग आता नाही आहे, हे तुले कसं समजते?"