फोरमनच्या पानावरचा पत्ता

उजव्या चपलेची टाच डावीपेक्षा चार मिलिमीटर जास्त झिजली होती. बाईंनी पट्टी पुन्हा लावून पाहिली. चारच. झीज सरळही नव्हती. बाहेरच्या कडेकडे ती तिरकी उतरत गेली होती, म्हणजे चालताना माणूस उजवीकडे कलत असणार.

"आता चपलेचा नमुना घेताय का?" पलंगावर बसून पाय हलवत फोरमन म्हणाले. "बाटलीत बुडवून बघा, रंग बदलतो का."

"उजव्या पायावर भार का देता तुम्ही?"

"मी कुठे देतोय? पंपघरातल्या मोठ्या झडपेचं चाक माझ्या छातीच्या वर होतं. उजव्या पायावर सगळं अंग टाकल्याशिवाय ते हलायचंच नाही. सदतीस वर्षं फिरवलं. पंप बंद पडला, मी रिटायर झालो, पाय अजून ड्यूटीवर आहे."

बाईंनी वहीत लिहून घेतलं: चाक, छातीच्या वर, सदतीस वर्षं, चार मिलिमीटर.

पाणीपुरवठ्याच्या लोकांसाठी बांधलेली ही चौदा घरांची ओळ. एका घराची भिंत ती शेजारच्या घराची भिंत. पंप कधीच दुसरीकडे गेले, तरुण मंडळी नोकऱ्यांच्या मागे पांगली, आणि उरले ते रिटायर लोक. बाई त्यातल्याच. पाण्याच्या प्रयोगशाळेत त्या छत्तीस वर्षं होत्या. बोलायच्या कमी, आणि मोजल्याशिवाय तर अजिबात नाही. म्हणून ओळीत त्यांना पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. किती जण म्हणतात हेसुद्धा.

या ओळीत एक रीत होती. माणूस ऐंशी वर्षांचा झाला की त्याच्या आयुष्याचं एक पान लिहायचं आणि ते सगळ्यांसमोर, त्याच्या देखत वाचायचं. ही रीत सुरू झाली एका शोकसभेमुळे. जुना फिटर गेला तेव्हा बाहेरून बोलावलेल्या वक्त्याने त्याला 'शांत, मितभाषी आणि मनमिळाऊ' म्हटलं. तशी फिटरची बायको पदर खोचून उभी राहिली. "अहो, हे कोणाबद्दल चाललंय? आमच्या ह्यांचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. माणूस चुकला असेल तर सांगा, मी घरी जाते!" शोकसभेत लोक पोट धरून हसले. मग ओळीने ठरवलं, की लिहायचं ते माणूस जिवंत असताना, म्हणजे चुका काढायला तो हजर असेल. आणि लिहायचं ते फक्त पाहिलेलं, ऐकलेलं, मोजलेलं. 'मनमिळाऊ' या शब्दाला तेव्हापासून ओळीत बंदी आहे.

ही पानं बाई लिहीत. आजवर सत्तावीस झाली होती, आणि त्यांतली एकोणीस माणसं आता नव्हती. कपाटात निळी फाइल होती. कधीतरी दुपारी बाई ती उघडून बसत. शिवणकाम करणाऱ्या आजींचं पान: त्या प्रत्येक पोराच्या कपड्याला आत वेगवेगळी शिलाई सोडायच्या आणि कुणाचं पोर किती उंच होणार याचा अंदाज त्यांनी तिथेच बांधलेला असायचा, एकदाच चुकल्या, स्वतःच्या नातवाच्या बाबतीत, तेही एका बोटानं. बेकरीवाल्या आजोबांचं पान: भट्टीतून निघालेल्या पहिल्या पावाचं टोक ते स्वतः खायचे, त्यामुळे बत्तीस वर्षांत त्यांचा पहिला पाव कुणी अख्खा पाहिला नाही. आणि फोरमनच्या बायकोचं पान, ती आजारी पडली म्हणून ऐंशीची वाट न बघता लिहिलेलं. ती पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की इतकी मोकळी हसायची, की पकडणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. ते पान लिहिताना बाईंना तीन कागद बदलावे लागले होते. ही मोजणी मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

आता फोरमनची ऐंशी भरली होती.

"झालं का माझं मोजून?" चप्पल पायात सरकवत त्यांनी विचारलं.

"बरंचसं."

"मग भिंतीचं काय?"

बाईंनी वही मिटली. हा प्रश्न दोन वर्षं जुना होता. फोरमन सात नंबरमध्ये, बाई आठमध्ये. दोन वर्षांपूर्वी बाईंचा गळका नळ दुरुस्त करताना फोरमन भिंतीवर बोटाने वाजवून म्हणाले होते, "बाई, ही भिंत साडेचार इंची. इथे एक दार काढलं तर?"

"तर काय?"

"तर सकाळचा चहा एकदाच करावा लागेल. आणि संध्याकाळी दोन घरांत दोन दिवे जाळून दोघांनी एकेकटं पेपर वाचायची गरज नाही. मी काय म्हणतोय ते कळतंय ना?"

बाईंना कळलं होतं. "विचार करते," त्या म्हणाल्या होत्या.

त्यानंतर महिन्या दोन महिन्यांनी फोरमन आठवण करत. कधी म्हणत, "माणसं चंद्रावर जाऊन परत आली, तुमचा विचार अजून निघालेला नाही." कधी म्हणत, "दाराला दोन्ही बाजूंनी कड्या लावू. तुमच्या बाजूची मोठी." बाई हसत आणि म्हणत, "चालू आहे विचार." आणि तो खरोखरच चालू होता. आई गेल्यापासून एकतीस वर्षं त्या एकट्या राहत होत्या. कुठली वस्तू कुठे आहे हे अंधारातही हाताला माहीत होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी घरात दुसऱ्याच्या चपला येणार, लोक तोंडावर पदर धरून हसणार, आणि मुख्य म्हणजे एकदा सवय झाल्यावर तो माणूसही गेला तर? या शेवटच्या प्रश्नाला त्यांच्याकडे कुठलीच पद्धत नव्हती.

"बाई," फोरमन या वेळी हसत नव्हते. "लेकीने खोली तयार केलीय. रविवारी पान वाचलं की सोमवारी सकाळी ती मला घेऊन जाणार. मी तिला नाही म्हणू शकतो, पण कशासाठी म्हणू, ते मला माहीत पाहिजे. तुमचं 'नाही' असेल तर नाही सांगा. मी रागावणार नाही. पण रविवारपर्यंत सांगा."

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि वही उचलून घरी आल्या.

शुक्रवारपर्यंत पान लिहून झालं. फक्त शेवटची ओळ राहिली. प्रत्येक पानाच्या शेवटी 'पत्ता' असायचा: माणूस कुठे राहतो आणि कुणाबरोबर. सत्तावीस पानांत बाईंनी एकही रकाना कोरा सोडला नव्हता. इथे त्यांनी 'पत्ता' लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली आणि पेन खाली ठेवलं. तसंच पान त्यांनी टपालकाकांकडे पाठवलं.

टपालकाका म्हणजे रिटायर पोस्टमन. बायको पाणीपुरवठ्यात कारकून, म्हणून हे ओळीचे जावई. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे पानाची सुबक प्रत करायचं काम त्यांचं.

शनिवारी फोरमनची लेक आली. सामान बांधता बांधता ती बाईंकडे डोकावली. "मावशी, बाबांचं काही कळत नाही. तीन वेळा पेटी भरली, तीन वेळा त्यांनी रिकामी केली. म्हणतात, स्वेटर शोधतोय. स्वेटर अंगात आहे! त्यांचा पाय कशात अडकलाय, तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

लेक गेली. बाई ओट्याकडे वळल्या. समोर माहिती असताना नाही म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

रविवारी सकाळी सगळे मीटरच्या खोलीत जमले. पूर्वी इथे पाण्याचे मीटर दुरुस्त व्हायचे. आता लांब टेबलाभोवती खुर्च्या होत्या आणि टेबलावर चहाची मोठी किटली. ज्याचं पान असेल त्याला मधल्या खुर्चीत बसवून तोंडात एक पेपरमिंटची गोळी द्यायची, आणि पान संपेपर्यंत त्याने बोलायचं नाही, असा नियम होता. गोळी देण्याचा मान सिस्टरचा. चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या सिस्टरपुढे तोंड न उघडायची कुणाची छाती नव्हती.

"आ करा," सिस्टर म्हणाल्या. "आणि चावायची नाही. गेल्या वेळी सुतारदादांनी दुसऱ्याच मिनिटाला कडाकड फोडली."

"माझ्यावर खोटं लिहिलं होतं!" सुतारदादा मागून ओरडले.

"खोटं नव्हतं. खुर्ची डुगडुगतच होती."

"जमीन वाकडी होती!"

हशा ओसरला तशी बाईंनी पान हातात घेतलं. आवाज नेहमीसारखाच होता, वाढत नाही आणि उतरत नाही असा.

"बाविसाव्या वर्षी पंपघरात लागले. मोठ्या झडपेचं चाक सदतीस वर्षं फिरवलं. उजवी चप्पल अजून चार मिलिमीटर जास्त झिजते. एकदा मुख्य नळ फुटला तेव्हा एकोणीस तास पाण्यात उभे होते. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, 'कुणीतरी मला प्यायला पाणी द्या.'"

लोक हसले. फोरमनने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"शिट्टी वाजवता येत नाही, तरी रोज वाजवतात. बायकोशी पत्ते खेळताना तिची लबाडी त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होती. ते एकोणपन्नास वर्षं हरत राहिले."

लेकीने डोळे पुसले आणि फोरमन किटलीकडे बघत बसले.

"ओळीतल्या चौदाही घरांचे नळ त्यांनी दुरुस्त केले आहेत. सुतारदादांचा दोनदा, कारण पहिल्या दुरुस्तीनंतर सुतारदादांनी स्वतः सुधारणा केली."

"अरे!" मागून आवाज आला.

बाई शेवटच्या ओळीवर आल्या. दोन टिंबांच्या पुढे जागा कोरी असायला हवी होती. ती कोरी नव्हती. मोत्यासारख्या अक्षरात तिथे लिहिलं होतं: मुलीकडे, तिसरा मजला, बागेसमोरची इमारत. खाली पिनकोडही, सहाही आकडे.

बाई थांबल्या.

"वाचा की," सिस्टर म्हणाल्या.

"पत्ता," बाईंनी वाचलं. त्यांनी मान वर केली. "टपालकाका, हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच," टपालकाका अभिमानाने म्हणाले. "तुमच्याकडून राहून गेलं होतं. लेकीला फोन करून विचारून घेतलं. पस्तीस वर्षांत बिनपत्त्याचं पाकीट मी परत जाऊ दिलं नाही, आणि हे तर आपले फोरमन!"

"राहून गेलं नव्हतं. मी कोरं ठेवलं होतं."

खोलीत कुजबुज झाली. मोजपट्टीने जागा कोरी ठेवली? सुतारदादा खुर्चीतून पुढे वाकले.

"पण का?" टपालकाका गोंधळले. "उद्या तर ते जाताहेत. बरोबर ना हो?" त्यांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमनने तोंडाकडे बोट दाखवलं. गोळी अजून होती. सिस्टर डोळे वटारून उभ्या होत्या. ऐंशी वर्षांचा माणूस, सदतीस वर्षं झडप फिरवलेला, पेपरमिंटच्या गोळीपायी गप्प बसला होता. पण तो गोळी चोखतही नव्हता, हे बाईंनी पाहिलं. गाल अजिबात हलत नव्हता. गोळी लवकर संपू नये म्हणून तो ती तशीच धरून बसला होता.

लेकीने वडिलांकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडू लागलं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "पत्ता चुकलाय का?"

बाईंनी पान टेबलावर ठेवलं. त्यांना वाटलं, तो माणूस गेला तर काय, याचं उत्तर आजही आपल्याकडे नाही. आणि उद्या सकाळी तो जाणारच आहे, पेटी भरून, स्वेटर अंगात घालून. म्हणजे ज्याला आपण दोन वर्षं भीत होतो ते सोमवारी नऊ वाजता होणार, आणि तेही त्याच्या हातचा एक कप चहा न पिता.

"चुकलाय," त्या म्हणाल्या.

टपालकाकांनी लगबगीने खिशातून पेन काढलं. "मग बरोबर कोणता? सांगा, आत्ता दुरुस्त करतो."

बाईंनी चष्मा नीट केला. खोलीतली सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी ती या वेळी मोजली नाहीत.

"लिहा. घर नंबर सात आणि आठ, मध्ये दार." मग त्या क्षणभर थांबल्या, कारण हे अजून खरं नव्हतं. त्या फोरमनकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दार अजून नाही. उद्या गवंड्याला बोलवा. माझं 'हो' आहे."