डाव्या बाजूचा खांब

दोघा भावांची शेड एकच होती, पण तिच्या मधोमध जमिनीवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. पट्ट्याच्या अलीकडे थोरल्याचं लोखंड, पलीकडे धाकट्याचं लाकूड. थोरला मेकॅनिक, धाकटा सुतार. एकाचं ऑइल दुसऱ्याच्या फळीवर उडू नये आणि दुसऱ्याचा भुसा पहिल्याच्या इंजिनात जाऊ नये, म्हणून हा बंदोबस्त. दोघांचीही पन्नाशी उलटली होती, पण त्या पट्ट्यावरून भांडताना दोघंही दहा वर्षांचे होत.

वडिलांची वॅगन मात्र बरोबर पट्ट्यावर उभी असे, कारण ती दोघांच्या वाट्याची. पुढचं नाक पत्र्याचं आणि मागची सगळी बॉडी लाकडाची. दारं, खिडक्यांच्या चौकटी, छत पेलणारे उभे खांब, सगळं लाकूड. वडिलांनी तिच्यातून आयुष्यभर लोकांचं सामान वाहिलं. वेग असा की शेजारून सायकलवाला वडिलांशी दोन वाक्यं बोलून पुढे निघून जाई. ते गेल्यावर पंधरा वर्षं ती ताडपत्रीखाली पडून होती.

"जरा नीटनेटकी करून दारात उभी करू," थोरला एक दिवस म्हणाला. "वडिलांची आठवण. चालवायचीय कोणाला?"

धाकट्याने काम हातात घेतलं. जुनं पॉलिश खरवडत खरवडत तो मागच्या डाव्या खांबापाशी आला आणि थांबला. बोटाने ठोकलं तर आवाज भद्द आला. पटाशी लावली तर आतलं लाकूड तपकिरी पीठ होऊन गळायला लागलं. खांब बदलायचा तर अर्धं छत उतरवायला हवं, म्हणजे महिन्याचं काम. दारात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला? त्याने कुजलेलं जमेल तेवढं कोरून काढलं, भुशात रेझिन कालवून पोकळी भरली, वर नव्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवली आणि पॉलिश मारलं. काम असं बेमालूम झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. थोरल्याला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा तेच सुरू झालं असतं.

तेच म्हणजे कपाटाचं दार. वीस वर्षांपूर्वी धाकट्याने एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची भेग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकली होती आणि आठवड्याच्या आत ते दार घरमालकिणीच्या पायावर पडलं होतं. तेव्हापासून थोरला त्याला 'लांबीवाले' म्हणे. गिऱ्हाइकांपुढे, पाहुण्यांपुढे, जेवायला बसल्यावरसुद्धा. "काय लांबीवाले, भाजी कशी झालीय?" बाकीचे हसत. विनोद पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं ठीक असतं हो, वीस वर्षं ऐकणाऱ्याला विचारा.

मग थोरल्याच्या डोक्यात इंजिन शिरलं. मागून चेपलेली एक जवळजवळ नवीकोरी गाडी त्याच्याकडे भंगारात आली होती आणि तिचं इंजिन धडधाकट होतं. त्याच सुमाराला त्याच्या मुलीला, म्हणजे धाकट्याच्या पुतणीला, डोंगरापलीकडच्या गावात नोकरी लागली. तिला छोट्या मुलीला, छकुलीला, घेऊन रोज घाट चढायचा-उतरायचा होता. "वॅगन पोरीलाच देऊ," थोरला म्हणाला, आणि झपाटल्यासारखा कामाला लागला. नवं इंजिन, नवी गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एका बोटाने वळेल असं स्टिअरिंग. काम चोख होतं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

एका दुपारी तो ड्रिल घेऊन पट्टा ओलांडून आला.

"मागच्या सीटला बेल्ट बसवतोय. छकुलीची खुर्ची तिथेच बांधायची. वरचा बोल्ट ह्या खांबात घेऊ का? धरेल ना?"

लाकडाबद्दल थोरल्याने त्याला काही विचारावं, असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. आणि नुसतं विचारून तो मोकळा झाला नाही, उत्तरासाठी थांबला. धाकट्याची छाती एवढी फुगली की खांब कोणता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"धरेल की," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर खांब कोणता, ते त्याला उमगलं. तोवर ड्रिल सुरू झालं होतं. आता नको म्हणायचं तर का नको, ते सांगावं लागणार होतं. तो रंधा उचलून आपल्या बाजूला निघून गेला.

पुढचे तीन आठवडे त्याने रोज स्वतःची समजूत घातली. रेझिन दगडासारखं वाळतं. बेल्टला रोज कुठे झटका बसतो? एकदा तर थोरला बाहेर गेलेला पाहून त्याने बेल्ट दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि काही झालं नाही, तेव्हा मोठं काम केल्यासारखा चहा प्यायला. मग थोरल्याने त्याला मागच्या सीटवर बसवून चाचणीला नेलं. मोकळ्या रस्त्यावर वॅगन शंभरावर गेली आणि थोरल्याने कचकन ब्रेक दाबला. धाकट्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. "बघितलंस? जागच्या जागी!" थोरला लहान मुलासारखा हसत होता. मागे कुठेतरी लाकूड करकरलं. ते एकट्या धाकट्याने ऐकलं. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. उद्या सांगू, असं तो रोज म्हणे, आणि उद्या थोरला कोणाला तरी सांगत असे, "बॉडीचं सगळं काम आमच्या भावाचं बरं का." तो 'लांबीवाले' म्हणायचा थांबला होता.

निघायचा दिवस उजाडला. सामान चढलं, वहिनींनी डबे दिले. पुतणीने छकुलीला खुर्चीत बसवलं, बेल्ट आवळला आणि खिडकीतून हसत म्हणाली, "काका, तुमच्या खांबाच्या भरवशावर आहे हं आमची स्वारी!"

थोरला किल्ली पुढे करत होता.

"छकुलीला खाली घे," धाकटा पुतणीला म्हणाला.

"अहो काका, आत्ताच तर बसवलीय."

"खाली घे म्हणतो ना!"

त्याचा आवाज ऐकून पुतणीने मुकाट्याने बेल्ट सोडला आणि लेकीला कडेवर घेतलं. धाकटा शेडमध्ये गेला, रुंद पटाशी आणि हातोडा घेऊन आला, आणि बोल्टच्या खाली वीतभर अंतरावर पटाशी धरून त्याने दोन घाव घातले. पॉलिश केलेली पट्टी चिरली. तिसऱ्या घावाला रेझिनचा गोळा आत सरकला आणि पटाशी मुठीपर्यंत रुतली. फटीतून तपकिरी पीठ सीटवर सांडलं. बोल्टला हाताने हिसका दिला, तर तो खुंटीसारखा डुलला.

"आतून कुजलाय," तो म्हणाला. "मला पहिल्यापासून माहीत होतं. भरून टाकला होता. दारात उभी राहायची गाडी म्हणून. मग तू विचारलंस आणि..."

पुतणीने काकाकडे पाहिलं, आणि छकुलीला घेऊन दोन पावलं मागे सरली. ती दोन पावलं धाकट्याच्या काळजाला लागली.

आता थोरला फाडफाड बोलेल, कपाटाच्या दाराचा विषय काढेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला ते हवंच होतं.

थोरल्याने सीटवरचं पीठ चिमटीत घेतलं.

"ड्रिल मारताना असंच आलं होतं," तो म्हणाला. "लाकडाचा कीस नाही निघाला, पीठ निघालं. मला खटकलं होतं. विचारणार होतो तुला." त्याने बोटं पुसली. "मग म्हटलं, लाकडातलं त्याला कळतं. सारखं काय त्याच्या कामात नाक खुपसायचं. धरेल म्हणालाय म्हणजे धरेल."

"दादा, शिव्या दे मला."

थोरल्याने शिव्या दिल्या नाहीत. त्याने खिशातून खडू काढून धाकट्याच्या हातात दिला. "आणखी कुठे कुठे आहे, खुणा कर."

धाकटा गाडीभोवती फिरला. एक फुली डाव्या खांबावर मारली, एक मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर. "एवढंच," तो म्हणाला. "आईशपथ, दादा, एवढंच आहे."

थोरल्याने मान डोलावली. मग स्क्रूड्रायव्हर घेतला आणि जिथे फुली नव्हती त्या प्रत्येक खांबात, पॉलिश उडालं तरी पर्वा न करता, खुपसून खुपसून पाहत तो गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला.