बिनतक्रार डिस्क

सुनेने चालू सर्व्हरची वायर भिंतीतून उपसली, तसे सासरे खुर्चीतच दचकले. कुणी त्यांचाच कान उपटल्यासारखे.

“अगं, सांगून तरी काढायचीस.”

“वीज सांगून जाते का, बाबा?”

तिने शेजारच्या सर्व्हरचीही वायर उपसली आणि मग दोन्ही पुन्हा जोडल्या. उद्या रक्तपेढीचा सगळा डेटाबेस नव्या यंत्रावर जायचा होता. त्याखाली कोणती फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर माहिती मांडायची आणि जपायची कोणती पद्धत, हे संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. डावीकडे सासऱ्यांची जुनी, चपळ, साधी. उजवीकडे सुनेची. ती लिहिताना प्रत्येक तुकड्याची खूण जपून ठेवी, वाचताना ताडून पाही आणि जुळले नाही तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत आणून दुरुस्त करी. सुनेने दोन्हींवर रक्तपेढीच्या नोंदींची प्रत चढवली होती आणि मुद्दामच दोन्हींकडे एकेक थकलेली डिस्क बसवली होती.

आठवडाभर रोज सकाळी उजवीकडची तक्रार करी, की ही डिस्क चुकतेय. सासऱ्यांची चंगळ झाली होती.

“तुझी आजही कुरकुरली म्हणे. माझी बघ. हूं नाही की चूं नाही. याच शब्दावर मी हे दुकान उभं केलं, सूनबाई. आमच्याकडे तक्रार नाही.”

बोलता बोलता त्यांनी कप टेबलाच्या कडेवर ठेवला, अर्धा हवेतच. सुनेने तो वरच्या वर झेलला आणि आत सरकवला. वाद घालताना बाबांचे हात कुठे असतात याचा पत्ता नसतो, हे तिला ठाऊक होते. तिला रागही नव्हता आणि धाकधूकही नव्हती. जे तिला पटले होते ते आज दिसणार होते.

दोन्ही सर्व्हर सुखरूप उठले.

“उठली बघ माझी, काही न होता.”

“उठणारच. आता वाचून घेऊ.”

तिने दोन्हींकडच्या सगळ्या नोंदी रक्तपेढीच्या मूळ प्रतीशी ताडायला लावल्या. उजवीकडच्या सगळ्या जुळल्या. डावीकडे पडद्यावर एक लाल ओळ आली.

“काय म्हणतेय?” सासऱ्यांनी विचारले.

“वाचा ना तुम्हीच.”

ते चष्मा पुसत राहिले. “तूच वाच.”

“एका रक्तपिशवीची मुदत आहे. अकरा तारखेला संपणारी. तुमच्याकडे एकतीस झालीय.”

“म्हणजे बाद झालेलं रक्त कुणाला तरी चढलं असतं.”

“हो.”

“आणि ही बोलली नाही?”

“तिला कळलंच नाही, बाबा.”

सासऱ्यांनी डाव्या सर्व्हरकडे पाहिले. तो अजूनही छान घुमत होता. सुनेला वाटले, आता चिडतील. तिला त्यांचे वाईट वाटले. पण ती माघार घेणार नव्हती.

“तुझी घे,” ते म्हणाले. “कळव त्यांना. झाकली मूठ म्हणत बसलो मी.”

तिने मेल लिहायला घेतला. चष्मा अजून त्यांच्या हातातच होता.

“ते झालं की डोळ्यांच्या डॉक्टरांनाही एक फोन लाव.”

“कुणासाठी?”

“डावीकडून काळा पडदा सरकल्यासारखं होतंय. चार दिवस झाले असतील. म्हटलं, उगाच कशाला कुरकुर करायची.”

सुनेची बोटे थांबली. मघाचा कप तिला आठवला. तिने मेल तसाच अर्धवट सोडला आणि गाडीची किल्ली उचलली.

“चला. आत्ता.”

“अगं, संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना त्यांना?”

“दवाखान्यातून कळवते. डोळा थांबणार नाही. चला.”

दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. तिने हात पुढे केला नाही. त्यांना ते खपत नसे. पहिल्या पायरीशी ते थांबले आणि त्यांनीच तिच्या खांद्यावर हात ठेवला.