माझ्या पोटावरचं ठिगळ

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची बोट आहे. चौदा फूट लांब, चार माणसं बसतील एवढी, आणि पोटाला तळहाताएवढं ठिगळ. ते कसं पडलं ते सांगते. मात्र जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

माझा जन्म मिसुरीतल्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, रिवेट ठोकले, आणि मी इतकी चकचकीत झाले की एका कामगाराने माझ्यात बघून भांग पाडला. १९८४ साली टेक्सासमधल्या शुगर लँडच्या गिरीश देवस्थळींनी मला ट्रेलरसकट घरी आणलं. तेलाच्या पाइपलाइन गंजू नयेत हे बघण्याची गिरीशरावांची नोकरी होती. गंजावर व्याख्यान द्यायला त्यांना लांबलांबून बोलावणी येत. मला वाटलं, वैद्याच्याच घरी पडले, आता आजार कसला?

त्यांच्या पत्नी मृणालिनीबाईंनी ड्राइव्हवेमध्ये माझी पूजा केली. नारळ माझ्या नाकावर फोडायचा बेत होता.

"अगं, डेंट येईल," गिरीशराव म्हणाले. तेव्हा तो काँक्रीटवर फुटला.

त्यांच्या आठ वर्षांच्या विनीताने तांब्याच्या पळीने माझ्यावर पाणी शिंपडलं आणि पळी माझ्या बाकावर ठेवून दिली. पहिल्याच खड्ड्यात ट्रेलर उडाला. पळी घसरली आणि फळ्यांच्या फटीतून माझ्या तळाशी गेली. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मला विचारतो कोण?

सुरुवातीचे दिवस छान होते. रविवारी गॅल्व्हेस्टनच्या खाडीत जायचं, विनीताने माझ्या नाकाशी बसून गाणी म्हणायची, धक्क्यावरच्या लोकांनी "नाइस बोट" म्हणायचं. घाण सुरू व्हायची ती घरी आल्यावर.

खाऱ्या पाण्यातून आलेल्या बोटीला नळाच्या गोड्या पाण्याने आंघोळ घालायची असते. मागचं बूच काढायचं, नाक उंच ठेवायचं, पाणी निथळू द्यायचं, आणि वारा खेळेल असं सैल पांघरूण घालायचं. हे सगळं गिरीशरावांना पाठ होतं. ते म्हणत, "पुढच्या वीकएंडला करू."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात. मला निदान कोरडी तरी ठेवायची.

ट्रेलरच्या ज्या लाकडांवर मी टेकायचे त्यांना त्यांनी दिवाणखान्यातला उरलेला गालिचा गुंडाळला होता. वाया कशाला घालवायचा? तो गालिचा खारं पाणी पिऊन फुगायचा आणि आठवडाभर माझ्या पोटाला चिकटून बसायचा. वरून निळं प्लास्टिक करकचून बांधलेलं. आत कुजकी कोळंबी, बुळबुळीत शेवाळ, डासांची अळी, आणि विनीताने अर्धा टाकलेला पोळीचा रोल. त्या रोलला पुढे केस उगवले. टेक्सासच्या उन्हात हे सगळं शिजत असताना मी स्वतःच्याच वासाने बेजार झाले होते.

इकडे घरात पळीचा शोध चालू होता. माझ्या पूजेनंतर लगेच मृणालिनीबाईंच्या मैत्रीण शरयूकाकूंनी सत्यनारायणासाठी पूजेची भांडी नेली होती.

"पळी परत आलीच नाही. शरयूने ठेवून घेतली," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"अगं, पळी कोण ठेवून घेतं?"

"ठेवणारे ठेवतात."

दोन दिवाळ्या शरयूकाकूंना फराळाचं बोलावणं गेलं नाही. आणि पळी माझ्या पोटात, खाऱ्या पाण्यात पडलेली. तांबं आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र नांदले की ॲल्युमिनियम झिजतं आणि तांबं सुखरूप राहतं. गिरीशराव व्याख्यानात हे रंगीत चित्र काढून सांगत. त्या वेळी मी ड्राइव्हवेमध्ये कणाकणाने झिजत होते. मला एकच भीती होती. भोक पडायचं तर जमिनीवर पडो, पोर आत बसलेली असताना नको.

१९८६च्या जुलैत दहा वर्षांच्या विनीताला पहिल्यांदा मला चालवायला मिळालं. खाडीच्या मध्यावर ती म्हणाली, "बाबा, माय शूज आर वेट."

"लाट आली असेल."

"नो. इट्स कमिंग फ्रॉम द फ्लोअर."

गिरीशरावांनी डब्याच्या झाकणाने पाणी उपसलं. मी उरल्यासुरल्या जिवाने तरंगत राहिले आणि दोघांना धक्क्याला लावलं.

घरी येऊन त्यांनी फळ्या उचलल्या. आत दह्यासारखा पांढरा चिखल होता. विनीताने नाक दाबलं, मृणालिनीबाई चार पावलं मागे सरल्या. चिखलाखाली करंगळी जाईल एवढं भोक, आणि त्यावर पळी, जशीच्या तशी.

"बाबा," विनीता म्हणाली, "इझंट धिस युअर जॉब?"

गिरीशरावांनी गालिचा दाबून पाहिला; खारं पाणी गळलं. मग ते म्हणाले, "भंगारात देऊन टाकू."

"नो," असं म्हणून तिने बागेतला पाइप आणला आणि त्यांच्या हातात दिला.

वेल्डरने ठिगळ लावलं. गालिचा कचऱ्यात गेला. मृणालिनीबाईंनी फोन केला तशा शरयूकाकू आल्या, माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि ठिगळावरून हात फिरवत म्हणाल्या, "मृणाल, दोन वर्षं तू माझ्यावर आळ घेतलास, आणि पोट पोखरलं गेलं हिचं."

"चहा घेशील ना?" मृणालिनीबाई खाली बघत म्हणाल्या.

"घेईन. पळीने नको देऊस म्हणजे झालं."

मित्रांनो, तुमच्या घरी बोट असेल तर तिला गोड्या पाण्याने धुवा, बूच काढा, नाक उंच ठेवा. बोट नसेल तर एवढं करा, की एखादी वस्तू हरवली तर दुसऱ्याचं नाव घेण्याआधी आपल्या फळ्या उचलून बघा. आणि काही झालं तरी पोळीचा रोल पूर्ण खा.