स्वच्छ पोट

"गोळी घेतलीत? कसली गोळी?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"जंतू मारायची. आणि वर एरंडेल." थोरली ताठ बसून म्हणाली. "बहिणीला घाण देऊ का मी? घासल्या भांड्यासारखं लखलखीत आहे पोट आता."

याच इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळण्यात तिचा जन्म गेला. तिच्या लेखी माणसं दोनच जातीची, हात धुणारी आणि न धुणारी. आईमागं लेकीसारखं वाढवलेल्या धाकटीनं गटारं उपसणाऱ्याशी लग्न लावलं, तेव्हापासून त्या घरचं पाणीही तिनं तोंडाला लावलं नव्हतं.

आता धाकटीची काडी झाली होती. ताप विषाणूचा, पण सोबतच्या जालीम औषधांनी पोटातले चांगले जंतूही धुऊन नेले. चांगल्या जंतूंच्या पुड्या देऊनही भागलं नाही. "हेच जंतू अंगाला लढायला शिकवतात," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "धडधाकट माणसाच्या शौचातून काढून तिच्या आतड्यात सोडायचे." तपासणीत थोरली आणि नवरा, दोघंही चालणार होते. पण थोरली आडवी आली : "त्याचं? माझ्या बहिणीच्या पोटात? मी काय मेलेय?"

"मावशी, तेच जंतू तर हवे होते. तुम्ही मारून आलात. आता तीन महिने तुमचं चालायचं नाही. तिच्यापाशी तेवढा वेळ नाही."

थोरली उठून दाराशी आली.

बाहेर बाकावर धाकटीचा नवरा बसला होता. दार उघडंच होतं.

"ऐकलंत ना? मग हसा की. आज तुमचा दिवस."

"तुमच्यावर हसलेलं तिला खपत नाही, ताई."

थोरली बाकापुढं येऊन उभी राहिली. "तुमचंच द्या. मी मागतेय."

तो उठला. परतला तेव्हा झाकणाचा डबा कागदात गुंडाळून, अंग चोरत भिंतीकडेनं येत होता.

"सरका, ताई. वास येईल. नर्सबाई कुठायत?"

थोरलीनं दोन्ही हात पुढं केले. डब्याची ऊब तळव्यांना लागली. तो छातीशी धरून ती प्रयोगशाळेकडे निघाली. समोरून धुलाईघरातल्या पोरी गाठोडी घेऊन आल्या.

"काय नेताय, बाई?"

"औषध," ती म्हणाली. "आमच्या जावईबापूंनी दिलंय. वाट सोडा."