गुरुलिंग सरांचा बुधला

गुरुलिंग सर जाऊन बावीस दिवस झाले, तरी त्यांची बायको मंजुश्री त्यांचा मोबाईल रोज सकाळी चार्जिंगला लावायची. देवणीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, फळ्यासमोर उभ्या-उभ्या कोसळला. बाविसाव्या दिवशी तो फोन वाजला.

"सरांचं पार्सल हाय. घरी हायत का सर?"

"न्हाईत," ती म्हणाली.

कुरिअरवाल्यानं खोकं उंबऱ्यात टेकवलं तशी आत काच खळखळली. तिनं उघडून पाहिलं. वीस लिटरचा काचेचा बुधला, त्याचे तीन मोठे तुकडे आणि बाकी चुरा. रबरी बूच, नळी आणि वायू बाहेर सोडायची वाकडी काचनळी तेवढी धड होती.

बघताच तिला उमगलं. सरांना घरी जांभळाची वाइन करायची होती. "दारू न्हाई गं, आंबवणं हाय. शास्त्र हाय," असं ते म्हणायचे. पण मंजुश्रीचा बाप हातभट्टीपायी तडफडून मेलेला. तिनं घर डोक्यावर घेतलं, चार दिवस अबोला धरला. शेवटी सर म्हणाले होते, "बरं बाई, रद्द करतो."

म्हणजे केलंच नव्हतं. गेलेल्या माणसावर चिडायचं तरी कसं?

नांदेडला शिकणाऱ्या ऋतुजानं फोनवर सांगितलं, "फोटो पाठव कंपनीला. बदलून देतात."

"मला काय करायचंय बदलून?"

"मग टाकून दे आई."

पण टाकायला हात धजेना. खोकं माजघरात तसंच पडून राहिलं. भर दुपारी, घरात कुणी हलत नसताना, आतून काच किणकिणायची. उन्हानं तापून तुकडे सरकत असतील, अशी ती मनाची समजूत घालायची आणि तरी अंगणात जाऊन बसायची.

तिसऱ्या दिवशी न राहवून तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नंबर विचारला, काहीतरी तपासलं आणि म्हणाली, "मॅडम, चूक आमचीच आहे. सरांनी फोन करून डबल पॅकिंग करायला सांगितलं होतं. रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे."

"त्यांचा आवाज हाय? मला ऐकवा."

"तसं देता येत नाही, मॅडम."

"सर आता न्हाईत, बाई."

"बघते," म्हणून मुलीनं फोन ठेवला. तासाभरानं सरांच्याच मोबाईलवर रेकॉर्डिंग आलं.

"गुरुलिंग बोलायलोय, देवणीवरून. पॅकिंग डबल करा बरं का. आमच्याकडचे रस्ते लई खराब हायत."

तोच घोगरा आवाज. मंजुश्रीनं फोन कानाशी घट्ट धरला. आणि सरांच्या मागून, लांबून, एक बाई किंचाळली.

"फुटून येऊ दे ते! तुकडे-तुकडे होऊन येऊ दे! अन् ते पिऊन तुमी बी जावा माझ्या बापामागं!"

कोण ही बाई, असं क्षणभर तिला वाटलं. मग आपलाच आवाज ओळखू आला. भांडण तिला आठवत होतं. हे शब्द आठवत नव्हते. खोकं समोर होतं. सरांची चप्पल दारात होती.

रेकॉर्डिंग अजून संपलं नव्हतं. सर दबकं हसले आणि कंपनीच्या मुलीला म्हणाले, "तिकडं ध्यान देऊ नका. भ्याली हाय ती."

मंजुश्री किती वेळ भिंतीला टेकून बसली, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं कंपनीला कळवलं, "नवा पाठवा. डबल पॅकिंगनं."

नवा बुधला जांभळाच्या दिवसांत आला, सगळा धड. सरांच्या वहीत कृती होती. मंजुश्रीनं जांभळं धुतली, चुरगाळली, साखर मापली आणि बूच लावलं. जन्मात कधी दारूच्या बाटलीला शिवली नव्हती ती.

"पिणार कोण पण?" सुट्टीला आलेल्या ऋतुजानं विचारलं.

"कुणीच न्हाई."

चौथ्या दिवशी वाकड्या नळीतल्या पाण्यात पहिला बुडबुडा उठला, कुणी उसासा टाकावा तसा. मंजुश्री पाट ओढून समोर बसली. ऋतुजा बाहेर गेल्याची खात्री करून हळूच म्हणाली, "मी तसं म्हणायला नव्हतं पाहिजे."

तिनं नळीवरची नजर हलवली नाही. बऱ्याच वेळानं, आपल्याच वेळेला, आणखी एक बुडबुडा फुटला. ते उत्तर नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी पुढच्याची वाट बघत ती बसून राहिली.